काठोकाठ ग्लास

"रेझिनमध्ये बुडबुडा राहिला, तर दोष रेझिनचा नसतो, ओतणाऱ्याचा असतो," असं चिझुरूने कामावर आल्या दिवशीच रेझिन ढवळता ढवळता सगळ्यांना ऐकवलं होतं. रसायनशास्त्राची पदवी अगदी ताजी होती. पण हॉटेलांच्या खिडकीत मांडायचे खोटे पदार्थ बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिच्या वाट्याला आलं ते तळलेल्या कोळंबीवरचं कुरकुरीत आवरण रंगवणं. तिला हवं होतं पेयांचं टेबल, जिथे काचेसारखं घट्ट होणारं रेझिन पेय म्हणून ग्लासात ओततात. शेवटी मालक तोकुनागासान म्हणाले, "पेयांचं टेबल हवंय ना? कुनिमात्सूंचा साकेचा ग्लास कर. त्यांना पसंत पडला तर टेबल तुझं. नाहीतर कोळंबी कुठे पळून जात नाही."

कुनिमात्सू स्टेशनसमोर उभ्याने साके, म्हणजे तांदळाची पाण्यासारखी नितळ दारू, प्यायचं दुकान उघडत होते. त्यांनी आपला ग्लास आणि दुकानाचं नाव डागलेलं लाकडी चौकोनी माप आणून दिलं. मापात ग्लास ठेवायचा आणि साके वरून मापात सांडेपर्यंत ओतायची, ही तिथली रीत. सांडली नाही तर दुकानदार कंजूष. नमुन्यातही तसंच हवं होतं.

चिझुरूने बाटली कोमट पाण्यात ठेवून रेझिन पातळ केलं. हवा आत जाऊ नये म्हणून ढवळताना काडी वर उचलली नाही. मग उरलीसुरली हवा निघून जावी म्हणून मिश्रण निर्वात भांड्यात ठेवलं. ते दुधासारखं उतू येऊन खाली बसलं. चाचणीच्या लाकडी तुकड्यातून मात्र बुडबुड्यांची माळ निघाली. रेझिन घट्ट होताना तापतं आणि लाकडातली हवा बाहेर ढकलतं. म्हणून तिने मापाला आधी आतून रेझिनचा पातळ हात दिला, तो वाळू दिला आणि मगच सुतासारखी धार सोडली.

दुसऱ्या दिवशी तोकुनागासाननी ग्लास पाहिला. "अजून ओतलं नाहीस?"

याहून मोठी शाबासकी चिझुरूला कोणी दिली नव्हती.

ग्लास पोचला त्या संध्याकाळी कुनिमात्सूंचा फोन आला. "ग्लास मिळाला. फारच स्वच्छ आहे हो."

"त्यासाठीच तर धडपड केली," चिझुरू म्हणाली.

"हो, हो. आणि... बाकीचं?"

"बाकी काहीच नाही. असाच वापरा."

"फार आभारी आहे," कुनिमात्सू म्हणाले आणि फोन ठेवण्याआधी दोनदा वाकले असावेत. आपला ग्लास रिकामाच परत आला, ही तक्रार परक्या माणसाच्या तोंडावर कशी करायची, या संकोचात त्यांनी ती केलीच नाही.

उद्घाटनाला बाजारपेठ संघाचे अध्यक्ष उशियामासान रेशमी अंगरख्यात आले. पहिला मान त्यांचा, आणि दुकानाचं नाव असलेलं माप एकच! कुनिमात्सूंनी ग्लासासकट तेच पुढे केलं. उद्घाटनाला आलेली चिझुरू मागच्या गर्दीतून वाट काढू लागली. तिने तोंड उघडेपर्यंत बाटली कलली होती.

पहिल्याच थेंबाला ग्लास ओसंडला. मापही भरलेलंच होतं, त्यामुळे साके थेट टेबलावर आणि तिथून रेशमी बाहीत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतका सढळ हात त्यांनी पाहिला नव्हता.

उशियामासान रीतीप्रमाणे ओणवे होऊन काठाला ओठ लावून ओढू लागले. एक थेंब आला. पुन्हा ओढलं. पुन्हा. मान लाल झाली.

"कुनिमात्सूसान, तुमची साके जरा चिवट आहे," ते म्हणाले आणि त्यांनी माप उलटं केलं. काहीच पडलं नाही. ग्लाससुद्धा नाही.

"ती... रेझिनची आहे," चिझुरू मागून म्हणाली. "माफ करा. ती मीच भरलीय."

सगळे ग्लासाकडे पाहत राहिले. उशियामासान बाही पिळत म्हणाले, "काम अफलातून आहे पोरी. फक्त ते आहे हे कळत नाही."

कुनिमात्सू वाकून चिझुरूला म्हणाले, "खूपच पसंत आहे. फक्त एक विनंती. वरच्या थरात चार-दोन बुडबुडे घालता येतील का? खिडकीतून पाहणाऱ्याला काहीतरी ओतलंय, एवढं कळलं तरी पुरे."

टेबल मिळाल्यात जमा होतं. चिझुरू ग्लास घेऊन कारखान्यात परतली, काठावरून एक थर खरवडून काढला आणि नव्या रेझिनमध्ये सुईने एकेक बुडबुडा सोडू लागली. रेझिन तिच्या सवयीने कोमट, पातळ, निर्मळ होतं. प्रत्येक बुडबुडा शिस्तीत वर येऊन फुटला.

"जमत नाही?" तोकुनागासाननी विचारलं.

"एकही राहत नाहीये."

त्यांनी थंड, दाट रेझिनची बाटली आणि जाड काडी तिच्यापुढे सरकवली. "पहिल्या दिवशी भाषण करता करता ढवळत होतीस ना, तसं ढवळ."