भट्टीतला मशीनचा पाव

नणंद अमेरिकेहून मुंबईला उतरली आणि इकडे अंबाजोगाईत गंगासागरची धांदल उडाली.

दोन वर्षांपूर्वी ईश्वरीने भावाच्या घरी पाव करायचं मशीन पाठवलं होतं. पीठ आत टाका, बटन दाबा, तीन तासांनी पाव बाहेर. गंगासागरने ते मखमली रुमाल घालून टीव्हीशेजारी मांडलं आणि पत्रांतून मात्र लिहीत राहिली, ‘दर रविवारी सुक्या फळांचा, पदर सुटणारा पाव करते. ह्यांना आता दुसरं काही गोड लागत नाही.’ ह्यांनी, म्हणजे विरुपाक्षने, तो पाव डोळ्यांनीही पाहिला नव्हता.

आणि आता ईश्वरीचा फोन. “वहिनी, उद्या चार वाजता पोचते. जेवण नको, तुमचा तो पाव खायचाय. सासूबाईंना तुमची पत्रं मी वाचून दाखवत असते.”

“कावून लिवलं असलं?” विरुपाक्ष म्हणाला.

“तिनं हौसेनं पाठवलं. रुमाल घालून ठेवलं म्हणून लिवू का? उद्या पाव न्हाई झाला तर मी अमेरिकेपर्यंत खोटी पडते बघा.”

दिलावरच्या बेकरीतून खमीर आलं. पोळीचा हात होताच. सकाळी गंगासागरने मैदा मळून लाटला, तूप लावलं, खजूर, मनुका, टुटीफ्रुटी पसरून घडीवर घडी घातली. गोळा मशीनच्या भांड्यात बसवला आणि महादेवाचं नाव घेऊन बटन दाबलं. मशीन फट् म्हणालं. घरभर जळक्या रबराचा वास सुटला.

विरुपाक्षने इंग्रजी पुस्तिका पहिल्यांदाच उघडली. “अगं, याच्यासंगं एक जड डबा आलता ना? तिकडची वीज आपल्याहून निम्म्या दाबाची. तो डबा मधी लावायचा, मंग बटन.”

तो डबा दोन वर्षं लिंबाच्या लोणच्यावर दाब म्हणून ठेवलेला होता. लोणचं मात्र झकास मुरलं होतं.

रडत बसायला वेळ नव्हता. दिवाळीआधी निम्मं गाव आपापला मैदा, तूप, साखर घेऊन दिलावरकडून नानकटाई भाजून घेतं. सामान आपलं, भट्टी त्याची. गंगासागर पीठ फुगल्यावर मशीनचं भांडंच टोपलीत घालून तिथं गेली.

दिलावरने भांडं फिरवून बघितलं. “वैनी, हे मशीनीचं हाय ना? मंग मशीन काय करतंय?”

“आराम करतंय. आमच्यात अंडं चालत न्हाई, भाई. आत केक हाय का?”

“केक काढून ठेवतो. तुमी बसा निवांत.”

निवांत कसली बसते! पाव भट्टीतून निघाला तेव्हा तीन वाजले होते, आणि ईश्वरीची जीप सांगितल्या वेळेच्या तासभर आधीच दारात लागली होती. गंगासागर मागच्या दाराने शिरली, भांडं मशीनमध्ये ढकललं, झाकण लावलं आणि पदराने घाम पुसत बाहेर आली.

“वहिनी, मी आले तेव्हापासून लाईट नाही ना? मग पाव?”

“लाईट जाते म्हणून तर सकाळीच लावलं. झाकणात गरम राहतंय.”

झाकण उघडलं. वाफ आली, पाव आला, पदर मोकळे सुटले.

“भांडं खालून काळं कसं?”

“वापराचं हाय ना, ताई.”

ईश्वरीने एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला आणि एकदम हिरमुसली. “माझ्याकडेही हेच मशीन आहे. पाव विटेसारखा होतो. सासूबाई रोज तुमचं नाव घेऊन टोमणे मारतात.” मग जरा थांबून म्हणाली, “वहिनी, राग नका मानू. हे मी घेऊन जाऊ?”

गंगासागरच्या डोळ्यांत पाणीच आलं. देवच पावला होता. ईश्वरीला वाटलं, बिचारीचा जीव जडलाय मशीनवर.

पेटी बांधली गेली, विमानात बसली. गंगासागरने लिंबागणेशच्या गणपतीला जाऊन नारळ फोडला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. विरुपाक्षने मोठ्याने वाचलं. ‘वहिनी, तुमचं मशीन इथं आलं ते बंदच. विमानवाल्यांनी आपटलं असणार. तुमची लाडकी वस्तू माझ्यामुळे मोडली, मला झोप लागत नाही. आमचे स्नेही राजेश्वर येतायत, त्यांच्याबरोबर नवीन मशीन पाठवलंय, एकावेळी दोन पाव करणारं. दिवाळीत सासूबाईंना घेऊन येते. महिनाभर राहू. तुमच्यासमोर बसूनच शिकायचंय.’

विरुपाक्षने चष्मा काढला. “आता गं?”

“आता काय,” गंगासागर म्हणाली, “दिलावरभाईला विचारून या, महिनाभर भट्टी आपल्या स्वयंपाकघरात बसती का.”