दोन बोटं माया

बाबांचं आणि लेकीचं शेवटचं भांडण झालं ते एका पत्र्याच्या डब्यावरून.

चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेल्या त्या शिंप्याला म्हातारपणी गाडी चालवायची हुक्की आली होती. नजर अधू, त्यामुळे खरी गाडी कुणी हातात दिली नसती. म्हणून कॉम्प्युटरच्या खेळातली. त्यासाठी कॉम्प्युटर हवा, तोही तयार नको. तयार कपडे घालणाऱ्यांना ते जन्मभर हसत आले होते. सुटे भाग निवडून, ठरल्या पैशांत, मापानं बेतून घ्यायचा होता. लेक वाचनालयात कामाला. तिने प्रोसेसरपासून ग्राफिक्स कार्डापर्यंत चोख यादी करून दिली. बाबांनी ती न वाचता खिशात घातली आणि दुकानात तिच्यासमोरच दुकानदाराला विचारलं, "हे भाग ठेवायचं सगळ्यात मोठं कॅबिनेट कुठलं?"

"काका, तुमच्या बोर्डाला लहान पुरेल."

"असू दे वाढत्या अंगाचं. शिवणीत दोन बोटं माया सोडली की पुढं अडत नाही."

"बाबा, कॉम्प्युटर वयात येत नसतो."

"तुझ्या फ्रॉकच्या वेळीही अशीच कुरकुरायचीस."

"तिसरीत शिवलेला फ्रॉक मला सातवीतही ढगळ होता."

"बघ, किती टिकला."

ग्राफिक्स कार्डाचे पैसे कॅबिनेटनं गिळले. घरी ते टेबलाखाली जाईना, तेव्हा बाबांनी टेबलाची आडवी पट्टी कापली. टेबल डुगडुगू लागलं, तेव्हा पायाखाली यादीची घडी सारली. यादी अखेर कामी आली. आत बोर्ड असा दिसत होता, जसा रिकाम्या नाट्यगृहात चुकून आलेला एकटा प्रेक्षक. वायरी पुरेनात, म्हणून लांब वायरींसाठी पुन्हा दुकान. संध्याकाळी एकदाची गाडी सुरू झाली. कार्डाविना तिचा वेग असा, की मागून गोगलगायीनं हॉर्न द्यावा. बाबा मात्र ऐटीत वळणं घेत होते.

"कसं बसलंय?" त्यांनी कॅबिनेटवर थाप मारत विचारलं. दातांत टाचण्या धरून प्रत्येक नव्या कपड्याला विचारायचे, तसंच.

"ढगळ," ती म्हणाली. दर वेळी म्हणायची, तसंच.

ते हसले आणि झोपायला गेले. सकाळी उठले नाहीत.

तीन महिन्यांनी ती कॅबिनेट परत द्यायला गेली. दुकानदारानं हात जोडले. "ताई, यात माझं दुकान मावेल. हे कोण घेणार?" मग काहीतरी आठवून त्यानं माळ्यावरून धुळीनं माखलेला खोका काढला. "हे कार्ड बघा. जोरदार आहे, पण इतकं लांब की कुणाच्याच कॅबिनेटमध्ये जात नाही. चारदा परत आलंय. निम्म्यात न्या."

तिच्या यादीत असलं काही नव्हतं. तरी तिने घेतलं. घरी येऊन झाकण उघडलं, कार्ड सरकवलं. ते जागेवर बसलं. पुढच्या टोकाशी तिने बोटं घालून पाहिली. बरोबर दोन बोटं माया उरली होती.

गाडी सुरू झाली, सुसाट सुटली आणि पहिल्याच वळणावर भिंतीवर आपटली. चालवता तिलाही येत नव्हतं. तिने डुगडुगतं टेबल एका हातानं धरलं. मग कॅबिनेटवर हात ठेवून, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"बरोबर बसलंय, बाबा."