थोरली, मधली आणि धाकटी

तात्यांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत आहे. उजव्या हातावर मात्र अस्वलासारखे केस. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, भाजलं असेल. भाजलेलं काही नाही. वस्तऱ्याला धार लागली की नाही, हे तात्या डाव्या हातावरचे केस उडवून बघायचे. पन्नासेक वर्षं रोज बघितल्यावर केसांनी तिथे उगवायचा नादच सोडला.

"मग आता धार कशावर बघता?" मी एकदा विचारलं.

तात्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. डावी पोटरीही अर्धी साफ होती.

"हातावरची जागा संपली, बाई. आता खाली उतरलोय."

मी श्रीगोंद्यात प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून सगळ्या पेठेसारखीच तात्यांनाही मी 'बाई'. त्यांचं सलून आता पुतण्या चालवतो. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावतो, टीव्ही लावतो, दहा मिनिटांत माणूस बाहेर. तात्यांचं त्याच्याशी भांडण नाही. ते एवढंच म्हणतात, "घाई हाय का? मग ब्लेड हाय. सवड हाय का? मग वस्तरा हाय."

माझ्या वडिलांना, दादांना, आयुष्यभर सवड होती. एसटीत कंडक्टर असूनही दाढी मात्र तात्यांच्याच हातची, वस्तऱ्याचीच. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून तात्या दर रविवारी आमच्या घरी येऊ लागले. दादा पलंगावर उशीला टेकून बसायचे, तात्या बाजारभावापासून कुणाच्या सुनेपर्यंत सगळं सांगायचे, आणि त्या अर्ध्या तासात दादांचा चेहरा पूर्वीसारखा दिसायचा.

मग तात्यांच्या हातांना कंप सुटला. एका रविवारी त्यांनी दादांच्या गालाला साबण लावला, वस्तरा उघडला, त्याच्याकडे बघत राहिले आणि परत मिटला. टॉवेलनं फेस पुसून म्हणाले, "आज नको, दादा." चहासुद्धा न घेता गेले.

पुढच्या रविवारी पुतण्या मशीन घेऊन आला. मशीनची घरघर ऐकताच दादांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी साधा रेझर आणून बघितला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. तीन आठवड्यांत दाढी वाढली, भरवलेला वरण-भात तिच्यात अडकू लागला. रोज ती पुसताना ते डोळे मिटून घेत. ते मला बघवेना. मी सरळ तात्यांच्या घरी गेले.

"तात्या, मला वस्तरा शिकवा."

मला वाटलं, हसतील. बाईमाणूस, त्यातून मास्तरीण. पण त्यांनी आत जाऊन ओल्या फडक्यात गुंडाळलेले तीन दगड आणले.

"वस्तरा फिरवाया समदेच मागत्यात. धार लावाया कुनी मागत न्हाई. आदी धार."

तीन दगडांना नावं होती. खरखरीत ती थोरली, तिच्याहून मऊ ती मधली, आणि काचेसारखी गुळगुळीत काळी ती धाकटी. "थोरली लई बोलती," तात्या ओळख करून देऊ लागले, "मधली कामापुरतं बोलती. अन् धाकटीचा आवाज आला, तर तुमचं चुकलं म्हनून समजा."

शाळा सुटली की मी रोज त्यांच्या ओसरीवर. दगडावर पाणी शिंपडायचं, वस्तरा पूर्ण आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली, आणि हलक्या हातानं धारेच्या दिशेनं पुढे न्यायचा. टोकाशी पोचलं की पाठीवर उलटवायचा आणि परत आणायचा. सांगायला एवढंच. तात्या डोळे मिटून भिंतीला टेकून बसत आणि नुसत्या आवाजावरून चुका काढत.

"दाबू नका. पोळी लाटताय व्हय?"

"टोक सुटलं. मधीच घासताय निस्तं."

पंखा लावायचा नाही, कारण आवाज ऐकू येत नाही. एप्रिलमध्ये आम्ही दोघं घामानं निथळत बसायचो. त्याआधी हंगामात तर उसाचे ट्रॅक्टर समोरून जायचे, दोन ट्रॉल्या आणि त्यावर ढणाढणा गाणी. ट्रॅक्टर आला की तात्या हात वर करत. धडा बंद. शेवटची ट्रॉली वळेपर्यंत आम्ही दगडासमोर गप्प बसलेलो, आणि शेजारच्या काकू दारातून विचारणार, "कशाची पूजा हाय वो?"

दुसऱ्या महिन्यात मी वस्तरा पाठीऐवजी धारेवर उलटवला. खट् आवाज झाला. पंधरा दिवसांची मेहनत एका क्षणात गेली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

तात्यांनी डोळेही उघडले नाहीत. "चला, परत थोरलीकडं. ती घरातच हाय, कुठं जात न्हाई."

नंतर धार घोटायच्या कातडी पट्ट्यावर वस्तरा फिरवताना मी पट्टाच कापला. मग फुग्याला साबण लावून दाढी करायचा सराव झाला. शाळेसाठी आणलेले बावीस फुगे मी फोडले. बावीस वेळा तात्या दचकले आणि बावीस वेळा म्हणाले, "गेला बिचारा." तेविसावा फुगा मात्र स्वच्छ, कोरडा होऊन माझ्या हातात राहिला. तो तात्यांनी ओसरीच्या खिळ्याला बांधला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, "बाईंचं पैलं गिऱ्हाईक."

मग आमच्या घरी तो रविवार उजाडला. वस्तऱ्याची धार मी तात्यांच्या पोटरीवर तपासली, उरलेल्या केसांवर. तात्या शेजारी स्टुलावर बसले. दादांनी आधी वस्तऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग तात्यांकडे. तात्यांनी मान हलवली. तेव्हा दादांनी स्वतःहून हनुवटी वर केली. इतक्या महिन्यांची दाढी मी आधी कात्रीनं उतरवली, मग साबण लावला.

लुळ्या पडलेल्या गालाची कातडी मी बोटांनी ताणून धरली आणि वस्तरा फिरवला. तात्या नुसते पुटपुटत होते, "हां... हां... जाऊ द्या." एकही ओरखडा नाही. मी टॉवेलनं चेहरा पुसला. दादांनी डावा हात गालावरून सावकाश फिरवला, नाकाखाली आणला आणि तिथंच थांबून एक बोट दोनदा आपटलं. दोन केस राहिले होते.

तात्या खो खो हसले. "चाळीस वर्सं ह्योच तगादा! गिऱ्हाईक बरं झालं वो तुमचं!"

दादाही हसले. अर्ध्याच ओठांनी, पण हसले.

दुसऱ्या दिवशी मी रविवारी आमच्याकडे आणलेला वस्तरा आणि दगड परत करायला गेले. तात्यांनी ते माझ्याकडेच सरकवले. मी म्हटलं, "तुम्ही पुतण्यालाही एवढं शिकवलं नाहीत. मला कसं काय?"

त्यांनी दगडांवरचं फडकं सारखं केलं.

"आमच्या मंडळींना गाठीचा आजार झाल्ता. नगरला औषधं चालू केली, अन् केस मुठीमुठीनं जाया लागले. ती म्हनली, असं थोडंथोडं जान्यापरीस एकदाच काढा. पर दुसऱ्या कुनाला हात लावू देनार न्हाई. पन्नास वर्सं मी गावाची डोकी केली, बाई, पर त्या दिवशी हात उचलंना. सकाळपास्नं दुपारपतुर निस्ती धार लावत बसलो. मग केलं. ती डोळं मिटून बसल्याली. जरा वेळानं म्हनती, 'अवो, कधी सुरू करताय?' म्या म्हनलं, 'झालं.'"

त्यांनी डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत.

"तुमी दादासाठी आला तवा मला ते आठवलं. बाकी काय न्हाई."

तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या गालांवरच्या पांढऱ्या खुंटांकडे गेलं. मी विचारलं, "तात्या, तुमची दाढी कोण करतं?"

"पुतन्या करतोय, सवड झाली की."

मी उठले, पाणी गरम केलं, साबण कालवला. त्यांना खुर्चीत बसवून पाठीला उशी दिली. ते नको नको म्हणाले, पण फार नाही.

डावा गाल झाला तोवर तात्या झोपले होते. उजवा मी अगदी हळू केला.