मसाल्याचे चार तुकडे

आमच्या घरच्या सावजी मसाल्याची कृती आजवर एकाही बाईच्या हाती लागली नाही, आणि याचं सगळं श्रेय माझं आहे. सासूबाई जाताना माझ्या कानात सांगून गेल्या. तेव्हापासून समाजाच्या स्नेहभोजनाचा मसाला मीच करते, तोही दार लावून. बाहेर बायका नुसत्या वासावर अंदाज बांधतात, चोरांनी तिजोरीला कान लावावा तशा.

यंदा मोतीबिंदू आडवा आला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस धुराजवळ जायचं नाही. स्नेहभोजन होतं नवव्या दिवशी! म्हणजे कृती कोणाला तरी सांगणं आलं. अन् जिला सांगेन ती दुसऱ्या दिवसापासून घराची मालकीण. मोठी सून प्रेमिला तर माझी खुर्ची कुठे सरकवायची ते मनात ठरवूनच बसली होती.

धाकटा जितेंद्र हिंगण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरवर असतो. त्या दिवशी घरी बसून कामाची भली मोठी फाईल उतरवत होता.

"कुठून येऊन राहिली गा हे?"

"एका ठिकाणाहून नाही, आई. हिचे हजार तुकडे हायेत. काही याच्याजवळ, काही त्याच्याजवळ. मी त्यांच्याकडून घेऊन राहिलो, अन् माह्याजवळ आले ते तिसऱ्याले देऊन राहिलो."

"एखाद्यानं मशीन बंद केली तं?"

"तोच तुकडा आणखी कोणाजवळ असते."

"अन् खोटा तुकडा देला तं?"

"प्रत्येक तुकड्याचा ठसा ठरलेला असते. जुळला नाही तं फेकून देते."

"मालक कोण मंग?"

"कोणीच नाही."

हे शेवटचं मी कानाआड केलं. बाकी सगळं झकास होतं. कृतीचे चार तुकडे करायचे, चौघींना वाटायचे. पूर्ण कोणाजवळच नाही, म्हणजे मालकीण मीच! स्नेहभोजनाला एकेकीनं कढईपाशी यायचं, आपलं काम करायचं, तोवर बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं.

प्रेमिला, धाकटी सून धनश्री, उमरेडची लेक रुचिका आणि शेजारच्या शोभाताई. कोणाला ताप आला तर अडायला नको म्हणून एकेक तुकडा दोघींना दिला. पाट्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. रुचिकानं फोनवरच, तिच्याकडच्या मिक्सरवर हात ठेवून घेतली. धनश्रीचं तोंड नळासारखं वाहतं, म्हणून तिला मुद्दाम खोटं सांगितलं. आठ लवंगांच्या जागी वाटीभर.

चौथ्या दिवशी काळा चष्मा लावून खोलीत पडले होते. स्वयंपाकघरातून दोघी सुनांचा आवाज आला.

"ताई, धण्याचं तुमच्याजवळ हाय ना? मले द्या, मी खोबऱ्याचं देईन."

"खोबऱ्याचं मले शोभाताईनं देलं. लवंगाचं हाय का तुह्याजवळ?"

"हाय. वाटीभर."

"वाटीभर? रुचिका तं आठ म्हणते. फेक वं ते तुहं."

माझा खोटा तुकडा दोन मिनिटांत कचऱ्यात गेला.

सहाव्या दिवशी रामटेकहून एका बाईचा फोन. "काकू, दगडफूल किती टाकायचं? माह्यं तेवढंच राहिलं."

"तू कोण वं?"

"तुमच्या ओळखीची नाही मी. पण शहाजिऱ्याचं मी तिघींले देलं."

नवव्या दिवशी हॉलवर गेले, तर कढईभोवती अकरा बायका. भिंतीकडे तोंड कोणाचंच नव्हतं. "आई, तुम्ही पंख्याखाली बसा," प्रेमिला म्हणाली. मी बसले आणि मसाला बिघडावा म्हणून मनोमन नवस बोलले.

नाही बिघडला. पहिला घास घेतला आणि सासूबाईच समोर उभ्या राहिल्या. आमचे दीर, भैयाजी, सहा वर्षांपासून मुकाट्यानं जेवून उठतात. त्यांनी दोनदा रस्सा मागितला. अन् त्यात एक वास असा होता, जो मला काही केल्या आठवेना. सासूबाईंनी नातीला, म्हणजे रुचिकाला, काही निराळं सांगून ठेवलं असणार. मी प्रेमिलाला कोपऱ्यात घेतलं.

"वास कशाचा हाय वं हा?"

"सांगीन ना. पण आई, आमच्यात ठरलं हाय. घ्यायचं तं द्या लागते. जे कोणाजवळच नाही, असं काही द्या."

माझं तर सगळं वाटून झालेलं. एकच तुकडा उरला होता. इकडे तिकडे पाहून तिच्या कानात सांगितला: गुडघे धरल्यापासून, सहा वर्षं, बंद दाराआड मी इतवारी बाजारातल्या दुकानातून आणलेल्या तयार मसाल्याची पाकिटं कढईत गरम करत होते.

"खसखस," प्रेमिला म्हणाली. "गॅस बंद केल्यावर टाकायची."

मी चहा घ्यायला बसले. तो थंड व्हायच्या आत रामटेकहून फोन आला.

"काकू, दुकान कोणतं?"