तिळगंगेचा एक दिवसाचा दौरा

परदेशी पाहुण्यांना नदीपर्यंत जायची परवानगी नव्हती, म्हणून नदीला पाहुण्यांपर्यंत यायची परवानगी देण्यात आली.

पाहुणे म्हणजे ओरसान देशाचे जल-उपमंत्री तेमिर सालवी. वाघेरी गावात लहान नद्यांसाठी बारा देशांची परिषद भरली होती आणि तिला ते आले होते. ओरसानचं आणि आपल्या सरकारचं त्या वर्षी बरं चाललेलं नव्हतं. का, ते वाघेरीत कुणाला ठाऊक नव्हतं. पण सालवींच्या व्हिसावर शिक्का होता, की विश्रामगृहापासून चारशे पावलांपलीकडे त्यांनी जाऊ नये.

ही पावलं कुणाची, ते शिक्क्यात नव्हतं. बंदोबस्ताचं काम नायब तहसीलदार हेमलता गुंजकर यांच्याकडे होतं. त्यांनी वर पत्र लिहून विचारलं. 'संबंधित अधिकाऱ्याची' असं उत्तर आलं. तेव्हा शनिवारी हेमलताबाई ऑफिसच्या चपला घालून विश्रामगृहाच्या पायरीपासून चारी दिशांना चारशे-चारशे पावलं चालल्या आणि कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी पांढऱ्या फक्कीची रेघ त्यांनी गावात गोल मारून घेतली. रेघेच्या आत परिषदेचा हॉल आला, एक रसवंती आली, पोस्टाची पेटी आली. पोस्ट बाहेर राहिलं. नदी तर अकराशे साठ पावलांवर होती.

सालवी तक्रार करणाऱ्यातले नव्हते. तीस वर्षांपूर्वी ते इकडच्याच एका शेतकी कॉलेजात चार वर्षं शिकले होते आणि मेसमध्ये कानावर पडेल तेवढं मराठी त्यांना येत होतं. सकाळी आठला ते रेघेला अंगठे टेकवून उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "काय, जेवण झालं का?" लोकांना ते आवडले. विश्रामगृहाच्या स्वयंपाकीणबाईंनी हेमलताबाईंना विचारलं, "हे साळवी कुठले? चिपळूणकडचे का?"

"सालवी. परदेशातले आहेत."

"तिकडं गेलेत होय," स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांच्या आमटीत आमसूल घालू लागल्या.

घोडं अडलं ते सोमवारी. लहान नद्यांतून वर्षभर पाणी वाहू द्यायचं, अडवायचं नाही, अशी सनद परिषदेने लिहून काढली होती. यजमान म्हणून तिळगंगेचं नाव यादीत पहिलं होतं. तिळगंगा फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत वरच्या बंधाऱ्याला अडवली जायची आणि वाघेरीत नुसते गोटे उरायचे. बारापैकी अकरा देशांनी सह्या केल्या. सालवींनी पेनाला टोपण लावलं. एक सही कमी पडली तरी सनद रद्द होणार होती, आणि परिषद बुधवारी संपत होती.

"बाई, मला नदी बघायला पाहिजे," ते हेमलताबाईंना म्हणाले. "आमच्याकडे पाण्याबद्दल शब्द द्यायचा तर पाण्यात हात घालून देतात. तसा नाही दिला तर तो शब्दच नाही. मी घरी तोंड कसं दाखवू?"

"घागरभर पाणी आणवते."

"ते घागरीचं पाणी झालं. मला नदीचं पाहिजे."

हेमलताबाईंना राग आला नाही, उलट वाईट वाटलं. लग्न होऊन त्या या गावात आल्या त्याला सव्वीस वर्षं झाली होती आणि दर उन्हाळ्यात टँकरच्या आदेशांवर त्याच सह्या करत होत्या. दुपारचा डबा बाजूला ठेवून त्यांनी शिक्क्याचा मजकूर पुन्हा वाचला. मग आणखी एकदा वाचला. डबा तसाच ठेवून त्या उठल्या आणि प्रांताधिकारी देवकुळे यांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, बंदी सालवींवर आहे. नदीवर नाही."

देवकुळ्यांनी चष्मा काढून पुसला. "नदीला मुख्यालय सोडता येत नाही, गुंजकरबाई. परवानगी लागते."

"ती आपल्याच अधिकारात आहे."

"रजा म्हणायची का?"

"रजेवर असली तर तिला वाहता येणार नाही. दौरा म्हणावं लागेल."

देवकुळ्यांना हे पटलं. "पण अर्ज तिचा पाहिजे," ते म्हणाले. "तुम्ही तिच्या वतीने केलेला चालणार नाही. आणि ओळख पटवायला एक माणूस आणा. उद्या दुसरीच नदी आली तर माझ्या गळ्याशी येईल."

हेमलताबाई अर्ज लिहून घाटावर घेऊन गेल्या. ओळखीला त्यांनी रावजी भोयांना बोलावलं. रावजींनी पन्नास वर्षं नाव चालवली होती. हेमलताबाईंनी शेवटच्या पायरीवर उभं राहून अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. नदीने ऐकून घेतलं. मग एक लाट हलकेच वर आली आणि सहीच्या जागी कागद ओला करून गेली.

"हीच का ती?" हेमलताबाईंनी विचारलं. विचारणं भाग होतं.

"हीच," रावजी म्हणाले. "आमच्या आज्यापासनं वळखतो आम्ही हिला. दुसरी कुठली असती तर कागद घेऊन गेली असती."

संध्याकाळी पाचच्या आत परवाना निघाला. रस्त्याच्या डाव्या बाजूने यावं, कुणाच्या घरात शिरू नये, माशांची जबाबदारी स्वतः घ्यावी आणि दिवस मावळायच्या आत परतावं, अशा अटी होत्या. तेवढ्या वेळापुरता पात्राचा अतिरिक्त कार्यभार भैरव ओढ्याकडे देण्यात आला. ओढ्याला एवढ्या रुंद जागेची सवय नव्हती. तो एका कडेने, अंग चोरून वाहिला, पण वाहिला.

मंगळवारी सकाळी नदी निघाली. पुढे हेमलताबाई, बाजूला रावजी. एसटी स्टँडापाशी लोक साड्या आणि धोतरं वर धरून उभे होते. गतिरोधक आला तशी नदी जरा थबकली आणि सावकाश वरून गेली. शिंप्याच्या दुकानाला एकच पायरी होती. तिथे शिंपी हात जोडून उभा राहिला, तेव्हा ती रस्त्याच्या मधल्या अंगाला सरकली. गावात कुणाची चूलसुद्धा ओली झाली नाही.

साडेदहाला ती फक्कीच्या रेघेशी पोचली, आणि रेघ वाहून गेली.

"गुंजकरबाई!" देवकुळे ओरडले. "हद्द कुठाय आता? हे गृहस्थ कुठेही जातील!"

सालवी नदीकडे यायला निघाले होते. ते होते तिथेच थांबले, एक पाय उचललेला तसाच. "मी हललो नाही," ते म्हणाले. "बाई, तुम्ही मोजा."

पाणी एव्हाना विश्रामगृहाच्या पायरीला लागलं होतं. हेमलताबाई त्या पायरीपर्यंत गेल्या आणि तिथून घोटाभर पाण्यातून मोजत परत आल्या. सालवी एका पायावर डुलत होते. रावजींनी त्यांच्या कोपराला हात लावला.

"एकशे बारा," हेमलताबाई म्हणाल्या. "ठेवा पाय."

सालवींनी पाय ठेवला, तो पाण्यातच. मग बाह्या वर करून ते सावकाश खाली बसले आणि दोन्ही हात त्यांनी नदीत घातले. हॉलमधून बाकीचे अकरा देश बाहेर आले आणि बूट काढून जागा मिळेल तिथे उभे राहिले.

"पाणी गोड आहे," सालवी म्हणाले. "मे महिन्यात कुठपर्यंत असतं?"

देवकुळ्यांनी फाईल चाळायला घेतली. त्यांच्याआधी रावजींनीच सांगितलं, "मे महिन्यात ती नसती."

सालवींनी सनद मागवली. तिच्यात 'पुरेसं पाणी' असं लिहिलं होतं. "पुरेसं म्हणजे किती? कुणाला पुरेसं?" त्यांनी विचारलं. अकरा देशांनी एकमेकांकडे पाहिलं. सालवी रावजींकडे वळले. "काका, किती पाहिजे?"

"गुडघाभर," रावजी म्हणाले. "नाव टेकत नाही तेवढ्यात. आन् बाया धुणी धुत्यात."

'पुरेसं' खोडून तिथे 'गुडघाभर' लिहिलं गेलं. गुडघा कुणाचा, हा प्रश्न देवकुळ्यांनी लगेच काढला आणि रावजी भोयांचा धरावा असं ठरलं. रावजींनी धोतर वर करून माप दिलं. मग डावा हात पाण्यात ठेवून सालवींनी उजव्या हाताने सही केली. बाकीच्यांनी आपापल्या सह्या पुन्हा केल्या, आणि या खेपेला त्यांनीही डावा हात पाण्यात घातला.

दुपारी स्वयंपाकीणबाईंनी सगळ्यांना पाण्यातच पानं दिली. सालवींनी दोनदा आमटी घेतली. नदीला विचारायचं राहिलं, हे त्यांच्या लक्षात आलं. "जेवण झालं का?" ते म्हणाले. नदीने काठाकाठाने पडलेली शितं गोळा केली होती, ती माशांना दिली.

साडेपाचला हेमलताबाईंनी घड्याळ पाहिलं. "आता निघायला हवं," त्या नदीला म्हणाल्या. तिला वळायला जागा लागत होती, म्हणून शाळेच्या मैदानाला वळसा घालून ती परत गेली. दिवस मावळायला नऊ मिनिटं कमी असताना तिने ओढ्याकडून कार्यभार घेतला. ओढा लगेच आपल्या जागी गेला आणि दोन दिवस गढूळच होता.

सालवी गुरुवारी गेले. फेब्रुवारीत वरच्या बंधाऱ्याची दारं उघडी राहिली. मार्च गेला, एप्रिल गेला. टँकरच्या आदेशांची वही हेमलताबाईंच्या टेबलावर आलीच नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी त्या घाटावर गेल्या. रावजी नाव घेऊन पलीकडे गेले होते. दोघीतिघी धुणं धूत होत्या. हेमलताबाईंनी पदर खोचला, साडी वर धरली आणि नदीत उतरल्या. पाणी गुडघ्याला लागलं, गार. त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

नदीने ओळख दाखवली नाही. ती कामावर होती.