न लागलेला खटका

फोडणीला टाकलेल्या चुरमुऱ्यांची गरम सुशीला. गंजलेली कडी. उदगीरचे पाहुणे. गुंडप्पांचा उजवा गुडघा.

हे सगळं एकत्र आलं लातूरला, गुंडप्पांच्या बैठकीत. त्यांच्या मुलीला, मंजुश्रीला, बघायला पाहुणे आले होते. स्थळ चांगलं होतं आणि गुंडप्पांना ते हातचं घालवायचं नव्हतं. मंडपवाल्याकडून आणलेल्या घडीच्या टेबलाचा पाय उघडला की वरची कडी खाली सरकून खटका लागायचा. गुंडप्पांच्या बाजूची कडी सरकलीच नाही. भरल्या बश्यांखाली पाय दुमडायला लागला, तसा गुंडप्पांनी त्याला गुडघा लावला. "घ्या की, पाहुणे!"

बायको शांतम्मा कानाशी येऊन म्हणाली, "अहो, पाणी आणा की! काय बसलाव?"

"मी उठलो की टेबल बसतंय."

तेवढ्यात मठाचे स्वामी, म्हणजे अय्या, आले. अय्या आले की उठून पाया पडायचं, ही दोन्ही घरांची रीत. नवरा मुलगा विरूपाक्ष चटकन उठला. गुंडप्पांनी बसूनच हात जोडले. "शरणार्थ, अय्या. गुडघा धरलाय."

समोरून मुलाचे वडील संगप्पा बसूनच म्हणाले, "शरणार्थ. माझाबी."

हा माणूस आपली नक्कल करतोय! गुंडप्पा मनात चरफडले.

अय्या म्हणाले, "व्याही व्हायच्या आधीच म्हातारे झालाव की दोघं!"

"पोरीच्या बापानं तरी उठायचं," संगप्पा म्हणाले.

"तुमी उठा की आधी!"

"मी उठलो तर तुमचंच नुकसान हाय."

"धमकी देताव का?"

चहा घेऊन आलेली मंजुश्री ट्रे ठेवायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. "अप्पा, तिकडचा पायबी सुटलाय. काकांनी गुडघ्यानं धरलाय."

संगप्पा ओशाळले. "आल्या आल्या टेबल पाडलं म्हणाल, म्हणून गप बसलो."

"अन् मी, मोडकं टेबल मांडलं म्हणाल म्हणून!"

मंजुश्रीनं पानाच्या तबकातला अडकित्ता उचलून दोन्ही कड्या ठोकल्या. टक्. टक्. दोन्ही बाप एकदम उठले. दोघांचेही पाय बधिर झाले होते. तोल गेला, तसे ते एकमेकांच्या गळ्यात पडले.

"गळाभेट झाली! ठरलं म्हणायचं!" अय्यांनी हात उंचावले. शांतम्मानं साखर आणली. आपण फक्त पडत होतो, हे सांगायची दोघांचीही छाती झाली नाही.

आदल्या रविवारी नांदेडला विष्णुपुरीच्या धरणावर विरूपाक्ष आणि मंजुश्रीनं लग्नाचं आपसात ठरवून टाकलं होतं.