नेऱ्याच्या कालव्यावरच्या दोन सायकली

"रविवारी काय करतोस तू?" असं उत्कर्षाने फोनवर विचारलं, तेव्हा कौस्तुभने खरं सांगायला हवं होतं. खरं हे होतं, की रविवारी तो अकरापर्यंत झोपतो, उठून पोहे खातो आणि पोहे जिरेपर्यंत पुन्हा आडवा होतो. पण ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा एक जण नुकताच डोंगरातून सायकल चालवून आला होता आणि सगळा मजला त्याच्याभोवती गोळा झाला होता. ते दृश्य कौस्तुभच्या डोळ्यांपुढे होतं.

"माउंटन बायकिंग," तो म्हणाला.

मग उत्कर्षा म्हणाली, "अय्या, मी पण."

खरं तर हे स्थळ रीतसर मोडलेलं होतं. कौस्तुभचे वडील बंडोपंत अंबाजोगाईच्या तहसील कचेरीतून निवृत्त होऊन, बायकोसह मुलाच्या भुकूमच्या फ्लॅटवर राहायला आले होते. आता पत्रिका बघणं हाच त्यांचा उद्योग होता. उत्कर्षाची पत्रिका त्यांनी एका बैठकीत निकालात काढली. "एकनाड आहे. विषय संपला." कौस्तुभला एकतिसावं वर्ष लागलं होतं आणि विषय संपायची त्याला सवय होती. याआधी कुठे नाडीवरून, कुठे गणावरून, कुठे षडाष्टकावरून एकेक मुलगी गेली होती. या वेळी फरक एवढाच झाला, की 'वाईट वाटून घेऊ नका' असं सांगायला उत्कर्षाने स्वतः फोन केला, तो फोन तासभर चालला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आला.

तीही कौस्तुभसारखी हिंजवडीतच नोकरीला होती आणि मनीष नावाच्या थोरल्या भावाकडे वाकडला राहायची. दोन महिने दोघं फोनवर सायकलींबद्दल बोलत राहिले. कौस्तुभ रात्री इंटरनेटवर वाचून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत सांगायचा. उत्कर्षाही तेच करत होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी जे व्हायचं ते झालं. "एकदा बरोबर जाऊ," असं कोणीतरी म्हणालं आणि दुसऱ्याला नाही म्हणता आलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी दोघं मित्रमैत्रिणींकडून मागून आणलेल्या सायकली घेऊन हिंजवडीपलीकडच्या नेरे गावी पोचले. घरी कौस्तुभने "ऑफिसची मुलं आहेत बरोबर" असं सांगितलं होतं. "जेवायला वेळेवर ये," एवढंच त्याची आई आशालताबाई म्हणाल्या होत्या.

गावाच्या वरच्या अंगाला वनखात्याने लावलेली झाडी होती. तिच्यातून एक पायवाट टेकडीवर चढायची आणि पलीकडून थेट कालव्यावर उतरायची. पहिल्याच वळणाला कौस्तुभच्या मांड्या भरून आल्या. सायकलला पुष्कळ गिअर होते, पण त्याच्या हाताला लागत होता तो फक्त सगळ्यांत जड.

"थांब," तो उतरून धापा टाकत म्हणाला, "इथे एक पक्षी दिसला."

उत्कर्षा त्याच्याआधी उतरली होती. "कुठे?"

"उडाला."

"येईल परत. बसू या जरा."

पुढच्या वळणाला तिला पक्षी दिसला. त्याच्या पुढच्या वळणाला दोघांना एकदमच दिसला. त्या झाडीत त्या दिवशी पक्षी फार होते.

माथ्यावर पोचल्यावर उतार लागला. चढावर माणूस हवं तिथे थांबू शकतो, उतारावर ती सोय नसते. दगड, मुळं, पालापाचोळा यांवरून दोन्ही सायकली खडखडत सुटल्या. उत्कर्षा पुढे होती आणि ओरडत होती. कौस्तुभला वाटलं, आनंदाने. तोही ओरडत होता, पण त्याचं कारण त्याला माहीत होतं. खाली कालव्याच्या भरावावर पोचून उत्कर्षाने दोन्ही ब्रेक दाबले आणि मागून कौस्तुभ तिच्यावर येऊन आदळला. कालव्यातून उसाला पाणी नेणाऱ्या चारीत दोघंही पडले. तिची ओढणी उडून कालव्यात गेली आणि वाहत वाहत पुढे एका बाभळीच्या फांदीला अडकली. त्याच्या सायकलच्या पुढच्या चाकाचा आठचा आकडा झाला.

"मजा आली," चिखलातून उठत कौस्तुभ म्हणाला.

"खूप," उत्कर्षा म्हणाली. तिचा गुडघा फुटला होता.

दोघांनी कालव्याच्या काठावर बसून बूट धुतले, उन्हात वाळत ठेवले, शेजारी हेल्मेटं ठेवली. तेवढ्यात उसाच्या कडेने एक म्हातारी आली. तिचं नाव धोंडाबाई. मागे तिचा नवरा कुशाबा खांद्यावर फावडं घेऊन उभा होता.

"अगं पोरी, रगत निघतंय की," धोंडाबाई म्हणाली. "चल घराकडं, हळद दाबते."

"सायकली ऱ्हाऊ द्या हितंच," कुशाबा म्हणाला. "कोन न्हेत न्हाई."

म्हाताऱ्या जोडप्याने आपल्या पायातल्या वहाणा दोघांना दिल्या आणि चौघंही उसापलीकडच्या घराकडे गेले. फोन सायकलींच्या सीटखालच्या पिशव्यांत राहिले.

हळद दाबता दाबता धोंडाबाईने विचारलं, "ह्या वाटंनं सायकल घालायला कुनी सांगितलं हुतं गं तुला?"

"यानं," उत्कर्षा म्हणाली.

"मी? तुला आवडतं म्हणून आलो मी."

"मला? शाळेनंतर आज पहिल्यांदा बसलेय सायकलवर."

कौस्तुभने तिच्याकडे बघितलं. "मग 'मी पण' कशाला म्हणालीस?"

"तू इतक्या ऐटीत सांगितलंस. मी झोपा काढते असं कसं सांगणार?" तिने गुडघ्यावर फुंकर घातली. "आणि ऐक, आज मी तुला हे फोन बंद करू या म्हणून सांगणार होते. तू चांगला आहेस, पण दर रविवारी हे असं मला झेपणार नाही."

कौस्तुभ हळूच म्हणाला, "मी रविवारी अकरापर्यंत झोपतो."

"खरं?"

"उठल्यावर परत झोपतो."

उत्कर्षाच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की धोंडाबाईला हळद लागू पडल्यासारखं वाटलं. तिने दोघांना भाकरी, ठेचा आणि वर चहा दिला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच दोघं सायकल सोडून इतर विषयांवर बोलत होते आणि विषय संपत नव्हते. कुशाबाने हरभऱ्याचे डहाळे उपटून आणून दिले. वेळ कसा गेला ते कुणाला कळलं नाही.

कालव्यावर मात्र वेळ वेगळ्या तऱ्हेने जात होता. कैलास नावाचा गावातला एक जण म्हशी घेऊन आला, तर काठावर दोन सायकली आडव्या. पाण्याकडे टोकं करून ठेवलेले दोन जोड बूट, एक पुरुषाचे, एक बाईचे. पुढे बाभळीला ओढणी. कैलासने म्हशी सोडल्या आणि गावाकडे हाका मारल्या. लोक जमत होते तेवढ्यात एका सायकलच्या सीटखाली फोन वाजला.

"अरे, जेवायची वेळ टळून गेली," आशालताबाई म्हणाल्या. "आहेस कुठे?"

"मी कैलास बोलतोय, नेऱ्यावरनं," कैलास जपून म्हणाला. "ह्या फोनचा मानूस दिसत न्हाई. सायकल हाय, बूट हायेत. कॅनॉलला पानी हाय."

"बरोबर मुलं असतील ना त्याच्या?"

"मुलं न्हाईत. एक बाईमानूस दिसतंय. तिचं बी बूटच हायेत."

दुसऱ्या फोनवर 'दादा' या नावाने फोन आला, तेव्हा कैलासने मनीषलाही कळवलं. थोड्याच वेळात बंडोपंत आणि आशालताबाई शेजाऱ्यांच्या गाडीतून आणि मनीष मोटरसायकलवरून कालव्यावर येऊन पोचले. पोरं काठाने पळत होती, दोघं कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले होते, वरचं गेट बंद करायला माणूस गेला होता. मनीषने ओढणी ओळखली आणि उत्कर्षाचं नाव सांगितलं. आशालताबाईंनी बूट ओळखले. बंडोपंत भरावावरच्या एका दगडावर बसले.

"एकनाड म्हणालो मी," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मीच म्हणालो."

बहीण कुणाबरोबर गेलीय हे मनीषला ठाऊक होतं, पण बंडोपंतांशी भांडायचं ठरवून आलेल्या त्याला भांडता आलं नाही. तो त्यांच्याजवळ जाऊन बसला. "आम्हीसुद्धा तुमचा नकार मुकाट्यानं घेतला, काका. एकदा येऊन बोलायला हवं होतं."

इकडे कुशाबा चारी बघायला बाहेर पडला होता, तो पाणी का तुटलं याची चौकशी करून परत आला. "कॅनॉलात जोडपं बुडालंय म्हनं. समदं गाव गोळा झालंय."

कौस्तुभ आणि उत्कर्षा ताबडतोब उठले. काही मदत करता आली तर करावी, या भावनेने दोघं कुशाबाच्या मागोमाग निघाले. त्याच्या पायात कुशाबाच्या अघळपघळ वहाणा, तिच्या हातात हरभऱ्याचे डहाळे. गर्दीच्या मागच्या बाजूला कैलास उभा होता. कौस्तुभने त्याला हळू आवाजात विचारलं, "कोण होते?"

"हिंजवडीकडचं जोडपं. घरच्यांनी लगीन नाकारलं, म्हनून हे केलं. लई वंगाळ झालं."

"अरेरे," कौस्तुभ म्हणाला. त्याने मान उंचावून बघितलं आणि त्याला आठच्या आकड्याचं चाक दिसलं. "ही सायकल माझी आहे."

कैलास भडकला. "आरं तिच्या, लाज न्हाई वाटत? मेलेल्या मानसाची सायकल हाय ती."

"पण मी तोच आहे," कौस्तुभ म्हणाला.

ते पटवून द्यायला त्याला जड गेलं असतं, पण तेवढ्यात आशालताबाईंनी मागे वळून बघितलं. त्या गर्दीतून वाट काढत आल्या, मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग त्याच हाताने त्याला जवळ ओढून रडू लागल्या. मनीषने बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि "जेवलीस का?" असं विचारलं, कारण त्याला दुसरं काही सुचेना. पाण्यातले दोघं कुडकुडत वर आले. कुणी हसत होतं, कुणी कौस्तुभला शिव्या देत होतं, आणि शिव्या देणाऱ्यांचे चेहरेही उजळले होते.

बंडोपंत दगडावरून उठले. "लग्न पुढच्या महिन्यात," ते म्हणाले.

"बाबा, आम्ही जीव द्यायला नव्हतो आलो. नुसते पडलो होतो."

"मला काही ऐकायचं नाही. लग्न."

कौस्तुभने अजून उत्कर्षाला विचारलंच नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं. ती हरभरा सोलत होती. "माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "माझी काही हरकत नाही."

"पण काका," मनीष सरळ माणूस असल्यामुळे म्हणाला, "ते नाडीचं काय?"

"गेली कालव्यात."

"गळ टाकून बघू का?" दोर गुंडाळत कैलासने विचारलं.

सगळे हसले. आशालताबाईही डोळे पुसता पुसता हसल्या. जीव भांड्यात पडलेल्या माणसाला बोलण्याचं भान राहत नाही, तसं त्यांचं झालं. "तसंही तुमच्या त्या नाडीत काही अर्थ नव्हता," त्या म्हणाल्या. "हा झाला तेव्हा दवाखान्यातलं घड्याळ बंद होतं. वेळ मी अंदाजानं सांगितली. तुम्ही इतक्या हौसेनं पत्रिका मांडायला बसलात, मग बोलावंसं नाही वाटलं."

बंडोपंतांची बोटं आपोआप हिशेब करू लागली.

"अंदाज म्हणजे किती?" त्यांनी विचारलं. "नक्षत्र काठावरचं आहे त्याचं. पाऊण तासाने बदलतं."

"जास्तच असेल. बाहेर उजाडलं होतं, एवढं आठवतंय."

बंडोपंत पुन्हा दगडावर बसले. त्या एका वेळेच्या भरवशावर त्यांनी परभणीची डॉक्टर, लातूरची शिक्षिका, बीडच्या सख्ख्या दोन बहिणी आणि आणखी कितीतरी मुली परत पाठवल्या होत्या. मग त्यांनी कुशाबाकडे चहा मिळेल का म्हणून विचारलं.

कौस्तुभही हिशेब करत होता. त्या घड्याळाला दवाखान्याच्या शिपायाने वेळेवर किल्ली दिली असती, तर सहा वर्षांपूर्वीच त्याचं लग्न होऊन गेलं असतं, बहुतेक परभणीला. उत्कर्षाने सोललेले हरभरे त्याच्या तळहातावर ठेवले, आणि ते कोवळे, हिरवेगार दाणे तोंडात टाकता टाकता तो दवाखान्यातल्या त्या आळशी शिपायाला मनोमन दुवा देत राहिला.